सहा 'क' आणि सियागंजातील एक बातमी

इंदूरच्या रेल्वे स्थानकाजवळ सियागंज ही किराणा मालाची मोठी घाऊक पेठ आहे. हळद, मिरची, सुकामेवा यांची पोती तेथे दिवसभर हमालांच्या पाठीवरून ये-जा करीत असतात. बातमी कशी लिहावी, याचा खरा धडा मला वर्गात नव्हे, तर या पेठेत मिळाला.

प्रत्येक बातमीने वाचकाच्या सहा प्रश्नांची उत्तरे द्यावयाची असतात : काय, कोण, कुठे, केव्हा, का आणि कसे. मराठीत हे सारे प्रश्न 'क'ने सुरू होतात, म्हणून ते लक्षात ठेवणे सोपे. आपल्या कन्नड मित्रांनी ते एनु, यारु, एल्ली, यावाग, एके, हेगे असे मोजावेत. अक्षर बदलले तरी प्रश्न तेच! महत्त्वाची उत्तरे पहिल्याच परिच्छेदात यावीत आणि बाकीचा तपशील उतरत्या क्रमाने यावा, म्हणजे जागेअभावी शेवट कापला गेला तरी बातमी लंगडी होत नाही.

विद्यार्थिदशेत मी सुट्टीत इंदूरला मामांकडे गेलो होतो. सियागंजात रात्री एका गोदामाला आग लागली. एका छोट्या साप्ताहिकासाठी मी तिची बातमी लिहिली. काय, कुठे, केव्हा, ही उत्तरे मी डोळ्यांनी पाहिलेली होती. 'का'चे उत्तर मात्र गर्दीत ऐकलेले होते : 'हमालाच्या विडीमुळे'. त्या गोदामात रात्री एकच हमाल झोपत असे. नाव छापले नव्हते, तरी साऱ्या पेठेने त्याला ओळखले. त्याला कोणी काम देईना. पुढे कळले, की आग विजेच्या तारेमुळे लागली होती. पुढच्या अंकात खुलासा आला, पण चार ओळींचा आणि आतल्या पानावर. तोवर तो हमाल गावी निघून गेला होता.

१९४७ साली निघालेल्या 'नई दुनिया'चे संपादन राहुल बारपुते या मराठी भाषिकाने ज्या शहरात केले, त्याच शहरात माझ्या हातून हे घडले, याची खंत अधिकच वाटते.

तेव्हापासून मी एक नियम पाळतो. पहिले चार 'क' जागेवर जाऊन पडताळता येतात. 'का' आणि 'कसे' यांना मात्र अग्निशामक दल किंवा पंचनामा यांसारखा आधार हवा, आणि तो बातमीत सांगायला हवा. आधार नसेल तर 'कारण अद्याप समजलेले नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही. म्हणून, विद्यार्थी मित्रहो, संमेलनाचा वृत्तान्त लिहितानाही या सहांच्या जोडीला सातवा 'क' विचारा : कोणी सांगितले?