शेवटच्या पानाची शेवटची ओळ

कोणत्याही मराठी दैनिकाचे शेवटचे पान उलटा आणि अगदी तळाशी पाहा. बारीक अक्षरांत मुद्रक, प्रकाशक, संपादक यांची नावे आणि छापखान्याचा पत्ता दिलेला असतो. ही ओळ सहसा कुणी वाचत नाही. वऱ्हाडातल्या वृत्तपत्रांची गोष्ट मात्र तिच्यापासूनच सुरू करावी लागते.

1867 च्या कायद्याने ही ओळ सक्तीची केली. छापलेल्या प्रत्येक कागदावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण हवे. वृत्तपत्र काढायचे तर आधी मॅजिस्ट्रेटसमोर ‘डिक्लेरेशन’ द्यायचे. दिसायला हा नोंदणीचा कायदा. पण लेख निनावी असला तरी कुणाच्या दारात पोलीस पाठवायचे, हे सरकारला त्यातून आयते कळू लागले. पुढे 1910 च्या प्रेस अ‍ॅक्टने छापखान्याच्या गळ्यालाच हात घातला. नवा छापखाना काढणाऱ्याला 500 ते 2000 रुपये जामीन, जुन्यावर खप्पामर्जी झाली तर 5000 पर्यंत. मजकूर आक्षेपार्ह ठरला की जामीन जप्त. पुन्हा उभे राहायचे तर 1000 ते 10,000 रुपये भरा, आणि पुन्हा चुकलात तर यंत्रासकट छापखानाच सरकारजमा. मुंबई-पुण्याच्या मोठ्या पत्राला असा एखादा तडाखा सोसवत असेल. एक ट्रेडल छपाईयंत्र, खिळ्यांच्या काही केसी आणि दोन कंपोझिटर यांवर चालणारा, लग्नपत्रिका नि पावतीपुस्तके छापून पोट भरणारा जिल्ह्याच्या गावचा छापखाना एका जप्तीत संपे. म्हणून वऱ्हाडात जहाल लिहिणाऱ्याइतकाच ते छापणाराही धाडसाचा होता असे मी मानतो. त्याचे नाव इतिहासात येत नाही, तळाच्या ओळीत तेवढे येते.

गोपाळ गणेश आगरकर हे नाव आपण पुण्याशी जोडतो. पण टेंभूचा हा गरीब मुलगा 1875 मध्ये मॅट्रिक झाला तो अकोल्यातून. विष्णु मोरेश्वर महाजनींसारखे शिक्षक त्याला इथे भेटले आणि ‘वऱ्हाड समाचार’साठी त्याने लेखणी चालवली ती याच गावात. सात वर्षांनी, 1882 मध्ये, कोल्हापूरच्या दिवाणांविषयीच्या मजकुरावरून झालेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात गेले. तिथल्या 101 दिवसांवर आगरकरांनी पुस्तक लिहिले. सरकारी शिक्षा त्यांनी सोसली. नंतर आपल्या ‘सुधारक’ पत्रातून स्वतःच्या समाजाला खडे बोल सुनावले, तेव्हा मात्र त्याच समाजाने त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. मुद्रणस्वातंत्र्याचा लढा फक्त सरकारशी असतो, हा समज इथेच गळून पडतो.

अमरावतीने या लढ्याची दुसरी बाजू लढवली ती वकिलांच्या बळावर. 1897 च्या डिसेंबरात राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीत भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. टिळक तेव्हा ‘केसरी’तल्या मजकुरासाठी राजद्रोहाची अठरा महिन्यांची शिक्षा भोगत होते. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी त्या खटल्यात कलम 124 अ चा अर्थ असा ताणला होता, की सरकारविषयी प्रेम नसणे हाच गुन्हा ठरावा. अमरावतीच्या मांडवात राजद्रोहाचा कायदा आणि मुद्रणस्वातंत्र्य हे विषय गाजले. सरकारने ऐकले नाहीच, उलट 1898 मध्ये ते कलम आणखी रुंद केले. 1908 मध्ये टिळकांना पुन्हा सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा अमरावतीतली चालती वकिली सोडून खापर्डे विलायतेला गेले आणि प्रिव्ही कौन्सिलपर्यंत खटपट करून पाहिली. अपील फेटाळले गेले. दोन वर्षे आपला धंदा बुडवून, दुसऱ्याच्या अग्रलेखांसाठी परमुलखात झगडणारा वकील या मातीत होऊन गेला, हे अमरावतीच्या शाळांतून सांगितले जायला हवे.

वीर वामनराव जोशी हे या परंपरेतले मला सर्वांत जवळचे वाटणारे नाव. अमरावतीहून ते ‘स्वतंत्र हिंदुस्थान’ चालवत. पत्राचे नावच राजद्रोहाची कबुली देणारे! जहाल वाणीपायी त्यांनी तुरुंग पाहिला. पण वृत्तपत्राची वाट अडली की शब्द कुठून न्यायचे, हे त्यांना कळले होते. ‘राक्षसी महत्त्वाकांक्षा’ आणि 1927 चे ‘रणदुंदुभी’ ही त्यांची नाटके काल्पनिक राजे-राण्यांची. प्रेक्षकांना मात्र पारतंत्र्याची गोष्ट नीट ऐकू येई. ‘रणदुंदुभी’तली मास्टर दीनानाथांची पदे गावोगाव पोचली. रंगभूमी काही मोकळी नव्हती. 1876 चा नाट्यप्रयोग कायदा होता आणि खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर 1910 मध्ये त्याच धास्तीतून बंदी आली होती. तरी गाण्यावर जामीन मागणे सरकारला जड गेले.

त्याच 1927 च्या नोव्हेंबरात अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यांची परिषद भरली. विषय होता अंबादेवी मंदिरप्रवेशाचा. बाबासाहेबांना स्वतःचे पत्र का काढावे लागले, याचे उत्तर अशा सभांत मिळते. 1920 मध्ये त्यांच्या ‘मूकनायक’ पत्राची पैसे मोजून द्यायची जाहिरातही ‘केसरी’ने छापली नव्हती. ज्या पत्राच्या स्वातंत्र्यासाठी अमरावतीकर विलायतेपर्यंत गेले, त्याच पत्रात या माणसांना जागा नव्हती. हे कटू आहे आणि ते तसेच सांगायला हवे. म्हणून त्यांचे ‘बहिष्कृत भारत’ 1927 मध्येच निघाले आणि वऱ्हाडातल्या लढ्यांना आपले हक्काचे पान मिळाले.

स्वातंत्र्यानंतरही राजद्रोहाचे कलम राहिलेच. 1962 मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 124 अ ला हिंसेच्या चिथावणीपुरते आवळले. 2022 च्या मे महिन्यात त्याचा वापर थांबवला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचे कलम 152 आले. राजद्रोह हा शब्द गेला, जन्मठेपेपर्यंतची शिक्षा राहिली आणि शब्दरचना अशी मोघम आहे की तालुक्याच्या साप्ताहिकाच्या संपादकाने धास्ती घ्यावी. 1867 चा कायदाही 2024 मध्ये गेला. डिक्लेरेशनसाठी आता मॅजिस्ट्रेटपुढे उभे राहावे लागत नाही.

वऱ्हाडातल्या या जुन्या पत्रांचे अंक आज विखुरलेले आहेत. तुमच्या घरी माळ्यावर, आजोबांच्या पेटीत ‘वऱ्हाड समाचार’, ‘उदय’, ‘मातृभूमि’ किंवा ‘स्वतंत्र हिंदुस्थान’चा एखादा जरी अंक असेल, तर तो रद्दीत घालू नका. अकोल्याच्या बाबुजी देशमुख वाचनालयासारख्या जुन्या ग्रंथालयात नेऊन द्या आणि त्याची स्कॅन केलेली प्रत काढून ठेवायचा आग्रह धरा.