अटक झाली म्हणजे गुन्हा ठरला का?

एखाद्या मोहल्ल्यातून पोलिसांनी कोणाला नेले, की तिथे दोन प्रकारची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतो, “काहीतरी केले असेल, म्हणूनच नेले.” कोणी म्हणतो, “आपण कशाला मध्ये पडायचे?” पहिले बोलणे चुकीचे आहे. दुसरे बोलणे नुकसानीचे आहे. असे का, ते आपण या पाठात पाहू.

पोलीस संशयावरून अटक करतात. गुन्हा कोणी केला, हे मात्र न्यायालय ठरवते. अटक झाल्यापासून निकाल लागेपर्यंत माणूस ‘आरोपी’ असतो, ‘गुन्हेगार’ नसतो. उर्दूत आपण ‘मुलजिम’ आणि ‘मुजरिम’ असा फरक करतो. मराठीतला हा फरक अगदी तसाच आहे. बोलताना तो विसरला, की निरपराध माणसाला निकालाआधीच शिक्षा होते.

आपल्या नांदेडचेच उदाहरण घ्या. ऑगस्ट 2012 मध्ये दहशतवादविरोधी पथकाने एका शस्त्रांच्या प्रकरणात पाच जणांना अटक केली. पुढे हा तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला आणि खटला मुंबईच्या विशेष न्यायालयात चालला. जून 2021 मध्ये निकाल लागला. तिघांना दहा वर्षांची शिक्षा झाली. दोघांविरुद्ध पुरावा नाही, म्हणून त्यांना निर्दोष सोडले. या दोघांच्या आयुष्याची वर्षे मात्र तुरुंगात गेली होती. एकाची तर जवळजवळ नऊ वर्षे! पहिलीत गेलेले मूल तेवढ्या काळात नववी पास होते.

मग निरपराध माणसाच्या रक्षणासाठी कायद्यात काय आहे? पुष्कळ काही आहे. भारतीय संविधानाचे 22 वे कलम तीन गोष्टी सांगते. अटकेचे कारण त्या माणसाला सांगितले पाहिजे. त्याला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेता आला पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत त्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभे केले पाहिजे. 24 तासांनंतर कोठडीत ठेवायचे असेल, तर न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेसंबंधी अकरा सूचना दिल्या. त्यांतील मुख्य गोष्टी आता कायद्यातच आल्या आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही त्या आहेत. अटक करणाऱ्या पोलिसाच्या नावाची पट्टी स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा कागद तयार करून त्यावर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही घेतली पाहिजे. अटकेची खबर नातेवाइकाला दिली पाहिजे. अटक केलेल्या माणसाची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. विशेष कारण आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी घेतलेली परवानगी असल्याशिवाय स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही.

हे नियम किरकोळ वाटतील. पण प्रत्येकामागे कारण आहे. अटकेची वेळ कागदावर नसेल, तर 24 तास मोजायचे कोठून? वैद्यकीय तपासणी झाली नसेल, तर अंगावरची जखम कोठडीत झाली की आधीची, हे कळणार कसे? नावाची पट्टी नसेल, तर तक्रार कोणाविरुद्ध करायची?

तुमच्या वयाच्या मुलांसाठी वेगळा कायदा आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे 18 वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. त्याला 24 तासांत बाल न्याय मंडळासमोर न्यावे लागते. आईवडिलांनाही कळवावे लागते.

आता प्रश्न असा, की नियम मोडला तर जाब कोणाला विचारायचा? पहिली जागा म्हणजे न्यायदंडाधिकारी. त्यांच्यासमोर उभे केल्यावर मारहाण झाली असेल, तर तिथेच सांगावे. दुसरी जागा म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. त्यांच्याकडे लेखी अर्ज द्यावा, त्यात दिनांक व वेळ लिहावी आणि अर्जाची पोच घ्यावी. मुंबईला राज्य मानवी हक्क आयोग आहे. घटना घडल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे तक्रार करता येते. वकिलाची फी परवडत नसेल, तर नांदेड किंवा लातूरच्या जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय आहे. स्त्रिया, मुले आणि कोठडीतील माणसे यांना तेथून मोफत वकील मिळतो. त्यासाठी 15100 हा दूरध्वनी क्रमांकही आहे.

याहून वरची जागा म्हणजे उच्च न्यायालय. आपल्या दोन्ही जिल्ह्यांची प्रकरणे औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. शेजारच्या परभणीत डिसेंबर 2024 मध्ये कायद्याचा अभ्यास करणारा एक तरुण न्यायालयीन कोठडीत मरण पावला. त्याची आई याच खंडपीठाकडे गेली. जुलै 2025 मध्ये खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्या आदेशात हस्तक्षेप केला नाही. एका आईने दाद मागितली आणि कायद्याला ती ऐकावी लागली.

कधी कधी एक पत्रही पुरते. मुंबईच्या पोलीस कोठड्यांत स्त्रियांना मारहाण होते, असे पत्रकार शीला बरसे यांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्राने कळवले. न्यायालयाने त्या पत्रालाच अर्ज मानले. 1983 मध्ये निकाल देऊन स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या आणि तिथे महिला पोलीस ठेवण्यास सांगितले.

तरीही एक उणीव उरतेच. निर्दोष सुटलेल्या माणसाला गेलेल्या वर्षांची भरपाई कोण देणार? कोणी विनाकारण अटक करवली, तर त्याच्याकडून मिळणारी भरपाई संहितेत आहे. पण ती जास्तीत जास्त एक हजार रुपये! 2018 मध्ये विधी आयोगाने 277 व्या अहवालात भरपाईचा वेगळा कायदा करावा, असे सुचवले. तो कायदा अजून झालेला नाही. तुम्ही मोठे होऊन मतदार व्हाल, कोणी वकील व्हाल, कोणी पोलीस अधिकारीही व्हाल. तेव्हा हे काम लक्षात असू द्या.

पोलिसांना जाब विचारणे म्हणजे त्यांच्याशी वैर करणे नव्हे. चोरी झाली, अपघात झाला, की आपण पोलिसांकडेच धावतो. निरपराध माणूस तुरुंगात गेला, की खरा गुन्हेगार बाहेर मोकळा राहतो. म्हणून नियमाने चालणारा पोलीस हाच आपला खरा मित्र.

शेवटी काही साध्या गोष्टी. पोलिसांनी विचारले, तर पळू नका, हुज्जत घालू नका. नाव व पत्ता खरा सांगा. कोऱ्या कागदावर सही करू नका. “माझ्या घरी कळवा,” असे अदबीने पण स्पष्ट सांगा. शेजारच्या कोणाला अटक झाली, तर अफवा पसरवू नका. मोठ्या माणसांना सोबत घेऊन ठाण्यात तीन प्रश्न विचारा: अटक कोणत्या कारणासाठी झाली? किती वाजता झाली? न्यायालयात केव्हा हजर करणार? मिळालेली उत्तरे वहीत लिहून ठेवा. पुढे वकिलाला तीच वही उपयोगी पडते.