गाळातला चंद्र

“आज लसणाची चटणी कुठे मिळाली तुम्हाला?” कामावरून घरी आल्याबरोबर हिनं विचारलं. डब्यात तर साधी पोळी-भाजी होती. मी चपापलो. शरीरात नको तितकं सेलेनियम गेलं की त्याचा एक वायू बनून श्वासावाटे बाहेर पडतो आणि त्याला लसणासारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी शोधलं, तर भट्टीच्या नळाच्या एका सांध्यातून गळती होती. “तुम्ही तिथे करता तरी काय?” हा तिचा प्रश्न मात्र राहूनच गेला. त्याचं हे उत्तर.

युटामध्ये सॉल्ट लेक सिटीजवळ बिंगहॅम कॅन्यनची प्रचंड खाण आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिथल्यासारखं तांबं शेवटी विजेनं शुद्ध करतात. सुमारे ९९ टक्के शुद्ध तांब्याचे जाड पत्रे आम्लाच्या हौदात टांगायचे; वीज सोडली की तांबं विरघळून समोरच्या पत्र्यावर ९९.९९ टक्के शुद्ध होऊन बसतं. जे विरघळत नाही ते तळाशी साचतं. या काळ्या गाळात सोनं, चांदी, टेल्युरियम आणि सेलेनियम असतं.

सेलेनियम चांदीला आणि तांब्याला घट्ट धरून बसलेलं असतं. आमच्याकडे गाळात तीव्र सल्फ्युरिक आम्ल कालवून तो ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला भाजत. सेलेनियमच्या एका अणूमागे आम्लाचे दोन रेणू खर्ची पडतात. सेलेनियम डायऑक्साइड आणि सल्फर डायऑक्साइड वाफेबरोबर उडून जातात. सोनं, चांदी, टेल्युरियम भट्टीतच राहतात.

हे वायू पाण्यातून नेले की गंमत होते. तोच सल्फर डायऑक्साइड विरघळलेल्या सेलेनियमचा ऑक्सिजन काढून घेतो. विटकरी लाल सेलेनियम खाली बसतं आणि आम्लाचे ते दोन रेणू परत मिळतात! (तांब्या-चांदीनं घेतलेलं आम्ल मात्र परत येत नाही.) म्हणजे भट्टीत जी क्रिया झाली, तीच पाण्यात उलटी झाली. मग मिळवलं काय? मधल्या वेळात सेलेनियम वायू झालं आणि सोन्या-चांदीपासून सुटलं. सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच.

स्वीडनच्या बर्झेलियसला १८१७ साली हे मूलद्रव्य सापडलं तेही सल्फ्युरिक आम्लाच्या कारखान्यातल्या गाळातच. आधी त्याला ते टेल्युरियमच वाटलं होतं. टेल्युरियमचं नाव पृथ्वीवरून, म्हणून यानं याला चंद्राचं नाव दिलं.

पुढे झेरॉक्स यंत्रांच्या ड्रमवर हेच सेलेनियम असे. आपल्या ग्रीन कार्डाच्या कागदांच्या नकला त्यावरच निघाल्या. काचेचा हिरवट रंग घालवायला ते आजही वापरतात. मोठ्या माणसाला अन्नातून रोज ५५ मायक्रोग्रॅम हवं. ४०० च्या वर मात्र नको. कॅलिफोर्नियात केस्टर्सन तलावात शेतांतून वाहून आलेल्या पाण्यानं ते साठलं, तेव्हा १९८३ साली पक्ष्यांची पिल्लं विद्रूप निपजलेली आढळली.

म्हणून उडालेला वायू शेवटच्या थेंबापर्यंत पाण्यात पकडणं हे त्या कारखान्यातलं खरं काम. त्यात आम्ही कमी पडलो, हे यंत्रांच्या आधी हिच्या नाकानं ओळखलं.