मनाचे दुःख आणि रक्तातील साखर

तीन वर्षांपूर्वी, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, माझे वडील वारले. मला मधुमेह जडून तेव्हा पाच वर्षे झाली होती; पथ्य, गोळ्या आणि सकाळचे फिरणे यांच्या बळावर उपाशीपोटीची साखर बहुधा १३० च्या आसपास राहत असे. वडिलांना जाऊन दीड महिना झाला आणि तपासणीत आकडा आला २१२. पूर्वीपेक्षा अन्न कमीच जात होते, मग साखर वाढली कशी? पत्नी म्हणाली, “शाळेत कुणी पेढे वाटले की तुम्ही खात असाल.” त्या शब्दांनी मला अपमान वाटला. दवाखान्यात मात्र डॉक्टरांनी जेवणाची चौकशी करण्याआधी विचारले, “गुरुजी, झोप लागते का?” आज मला बोलावयाचे आहे ते या प्रश्नाविषयी.

मनाचा आणि या रोगाचा संबंध नव्याने कळलेला नाही. चरकसंहितेच्या निदानस्थानात वातज प्रमेहाच्या कारणांमध्ये उद्वेग आणि शोक यांचा उल्लेख आहे आणि मधुमेहाची गणना याच प्रमेहात केलेली आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधील वैद्य टॉमस विलिस यांनीही दीर्घकाळच्या दुःखाला या रोगाच्या कारणांत स्थान दिले होते. प्रयोगाचा आधार पुढे अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या कार्यातून मिळाला. १९१३ च्या हंगामातील हार्वर्डच्या अखेरच्या फुटबॉल सामन्यानंतर संघातील २५ जणांची लघवी तपासली असता १२ जणांच्या लघवीत साखर आढळली. त्या बारांपैकी पाच जण राखीव खेळाडू होते. ते मैदानात उतरलेच नव्हते! बसल्या जागी, केवळ मनाच्या खळबळीने त्यांच्या शरीरात साखर उसळली होती.

हे घडते कसे? संकटाची चाहूल लागताच शरीर धावण्याची किंवा झुंजण्याची तयारी करते. मूत्रपिंडांवरील लहानशा ग्रंथी अॅड्रिनॅलिन आणि कॉर्टिसॉल ही द्रव्ये रक्तात सोडतात. त्यांच्या हुकमाने यकृत आपल्या कोठारातील साखर बाहेर काढते आणि इन्सुलिनचे काम मंदावते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड थोड्याच वेळात हा तोल सावरते. मधुमेही माणसाचे इन्सुलिन आधीच अपुरे किंवा दुबळे. त्यामुळे चढलेली साखर लवकर उतरत नाही. पुन्हा हा वाघ दारातून निघून जाणारा नसून कर्ज, कलह किंवा वियोग या रूपाने महिनोन् महिने घरातच बसलेला असेल, तर कोठाराचे दार सारखे उघडेच राहते. सर्वांना हे सारखेच लागू पडते असे नाही. काहींची साखर ताणाने खालीही जाते.

दुसरी वाट अधिक साधी आणि, माझ्या मते, अधिक घातक आहे. मन खचले की माणूस स्वतःची काळजी घेणे सोडतो. डॉक्टरांच्या त्या प्रश्नानंतर मी नीट आठवून पाहिले. पहाटे तीनपासून मी जागा असे. फिरावयास जाणे बंद झाले होते. संध्याकाळची गोळी आठवड्यातून तीनदा तरी राहून जात असे. पेढा मी खाल्ला नव्हता. तरीही चूक केवळ नशिबाची नव्हती.

मधुमेही लोकांत नैराश्याचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते. नैराश्याने साखर बिघडते आणि बिघडलेल्या साखरेने माणूस अधिक निराश होतो, असे हे चक्र आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही आहेत; आपल्या शेजारच्या गोव्यात तर प्रौढांमध्ये हे प्रमाण २६.४ टक्के आढळले. तेव्हा हा प्रश्न चार घरांचा नव्हे.

आनंदाची गोष्ट ही की, हे चक्र तोडता येते. दिल्ली, चेन्नई, बंगळूर आणि विशाखापट्टणम येथील दवाखान्यांत मधुमेह व नैराश्य दोन्ही असलेल्या ४०४ रुग्णांवर एक प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. काही रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर त्यांची नियमित विचारपूस करणारा, धीर देणारा आणि तज्ज्ञांच्या सल्ल्याने पाठपुरावा करणारा सेवक दिला होता. दोन वर्षांनंतर मन निम्म्याहून सावरले आणि त्याचबरोबर साखर, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांपैकी निदान एक सुधारले, अशांचे प्रमाण या गटात ७१.६ टक्के होते, इतरांत ५७.४ टक्के.

मग आपण काय करावे? साखरेची नोंद ठेवताना शेजारी झोप कशी लागली आणि मन कसे होते हेही दोन शब्दांत लिहावे. सतत दोन आठवडे उदास वाटत असेल किंवा कशातच गोडी वाटत नसेल, तर ते डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला देते. वाढलेल्या प्रत्येक आकड्याचे खापर मनावर मात्र फोडू नये. जंतुसंसर्ग, चुकलेला डोस किंवा नवे औषध हीही कारणे असतात. उलटपक्षी एकाएकी चिडचिड, घाम, हातांना कंप आणि रडू आले, तर तो स्वभावदोष न मानता आधी साखर तपासावी. ती ७० च्या खाली असल्यास तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावी.

आणि घरच्या मंडळींना एक विनंती. आकडा वाढला की आरोपीसारखी उलटतपासणी करू नका. आरोपाने माणूस आकडे लपवू लागतो; चौकशीने बोलू लागतो. त्या दिवशी दवाखान्यातून परतताना पत्नीला मी सारे सांगितले. ती काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे चपला घालून ती दारात उभी होती. धानाच्या बांध्यांकडेने जाणाऱ्या रस्त्यावर आम्ही दोघे रोज फिरू लागलो आणि वडिलांविषयी मी प्रथमच मोकळेपणाने बोललो. संध्याकाळच्या गोळीची आठवण तीच करू लागली. चार महिन्यांनी आकडा १३८ वर आला.