‘आमच्यावर प्रयोग करणार का, डॉक्टर?’

साकीनाक्याला खैरानी रोडवरच्या एका कारखान्यात पॅकिंगचे काम करणाऱ्या बाई मागच्या पंधरवड्यात नवऱ्याला घेऊन दवाखान्यात आल्या. हातात एका मोठ्या रुग्णालयाने दिलेला बारा पानी फॉर्म. लहानपणी सांधे सुजून ताप आला, त्याने हृदयाची झडप अरुंद झाली आणि चाळिशीच्या आतच नाडी वेडीवाकडी चालू लागली. वैद्यकात याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. हृदयाचा वरचा कप्पा आकुंचन न पावता नुसता थरथरतो, तेथे रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत गेली की अर्धांगवायू होतो. म्हणून बाई वॉर्फरिनच्या जातीची, रक्त पातळ ठेवणारी जुनी गोळी घेतात. त्यासाठी वरचेवर आय.एन.आर.ची रक्ततपासणी, आणि तपासणी म्हणजे कामाचा खाडा.

रुग्णालयाने त्यांना नव्या औषधाच्या चाचणीत याल का, असे विचारले होते.

‘‘आमच्यावर प्रयोग करणार का, डॉक्टर?’’ नवऱ्याचा प्रश्न. बाईंची काळजी निराळी. ‘‘निम्म्या लोकांना जुनीच गोळी देणार म्हणे. माझ्या वाट्याला तीच आली, तर माझे नुकसानच ना?’’

मी त्यांना ‘इन्व्हिक्टस’ चाचणीची हकीकत सांगितली. भारतासह २४ देशांतले साडेचार हजार रुग्ण तिच्यात होते; बहुतेक बायका, सरासरी वय पन्नास. सगळ्यांना बाईंसारखाच झडपेचा विकार. निम्म्यांना रिव्हरोक्साबॅन ही नवी गोळी, निम्म्यांना जुनी. नव्या गोळीला ना रक्ततपासणी, ना पालेभाजीचे पथ्य. तीच सरस ठरेल, असे पुष्कळांना वाटत होते, मलाही. २०२२ मध्ये निकाल आला. नव्या गोळीवरच्या २२७५ जणांपैकी ५६० जणांना झटका, गुठळी, हृदयविकार वा मृत्यू गाठून गेला. जुन्या गोळीवरच्या २२५६ पैकी ४४६ जणांना. जुन्या गोळीने रक्तस्रावही जास्त झाला नाही. (तपासणीसाठी वारंवार डॉक्टरांपुढे यावे लागते, त्याचाही हातभार असावा. हे आपले माझे मत.)

दोन्हींपैकी चांगले कोणते हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणूनच चाचणी करावी लागते. जुनी गोळी वाट्याला येणे म्हणजे फसवणूक नव्हे. मात्र हा निकाल वाचून कोणी आपली नवी गोळी बंद करू नये! ज्यांची झडप अशी अरुंद नाही, त्यांच्यापैकी बहुतेकांना नव्या गोळ्याच बऱ्या पडतात.

नवऱ्याच्या प्रश्नाला मी ‘हो’ म्हणालो. प्रयोगच तो, पण तुम्हाला विचारून केलेला. २०१९ च्या नियमांप्रमाणे चाचणीमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईही द्यावी लागते. फॉर्म आपल्याला समजेल त्या भाषेत हवा, त्याची प्रत आपल्याजवळ राहिली पाहिजे, आणि कधीही बाहेर पडता येते. त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. नैतिक समितीचा फोन नंबर फॉर्मवर असतो. आम्ही शोधला, तो नवव्या पानावर सापडला. येण्याजाण्याच्या भाड्याचे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते. ते विचारून या, म्हणून मी बाईंना परत पाठवले.

अजून सही झालेली नाही. भाचा रात्री दोन-दोन पाने वाचून दाखवतो आहे. जुनी गोळी चालूच आहे.