लाल वाइन आणि घरचे मटण : मेळ कसा जमतो?

रविवारी घरी मटण शिजते, पाहुणे येतात आणि सोबत लाल वाइनची एखादी बाटलीही येते. पहिल्या घोटालाच मात्र अनेकांचा हिरमोड होतो. 'तुरट आहे', 'घशात जळजळते' असे म्हणत पेले बाजूला सरकवले जातात. दोष बहुतेकदा वाइनचा नसतो. ताटातील तिखटाचा आणि वाइनच्या तापमानाचा असतो.

दोन किंवा अधिक जातींच्या द्राक्षांपासून केलेल्या मिश्र वाइनला 'ब्लेंड' म्हणतात. फ्रान्समधील बोर्डो परिसरात मर्लो आणि कॅबर्ने सोव्हिन्याँ यांची जोडी रूढ आहे. मर्लो लवकर पिकते, कॅबर्ने उशिरा. त्यामुळे हवामानाचा फटका बसला तरी एक पीक हाताशी राहते. चवीतही कॅबर्नेचा ताठरपणा मर्लोच्या मऊपणाने निवळतो. ऑस्ट्रेलियात कॅबर्नेची जोडी शिराझशी जमली. बंगळूरजवळच्या नंदी टेकड्यांच्या परिसरातील ग्रोव्हर कंपनीची 'ला रिझर्व्ह' ही याच जोडीची भारतीय वाइन.

लाल वाइन सालींसह आंबवली जाते. साली आणि बियांतील टॅनिन त्यामुळे वाइनमध्ये उतरते. हे टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे पडते. मटणाचा घास सोबत असला, की त्यातील प्रथिने, चरबी आणि मीठ हा तुरटपणा सौम्य करतात. म्हणूनच नुसती पिताना कडक वाटणारी वाइन जेवणासोबत मवाळ लागते. पिळलेल्या लिंबाचाही उपयोग होतो. आंबट घासानंतर वाइनचा आंबटपणा कमी जाणवतो.

खरी अडचण मिरचीची आहे. मिरचीतील कॅप्सायसिन उष्णतेची जाणीव करून देणाऱ्या संवेदकांनाच डिवचते आणि अल्कोहोल त्या संवेदकांना अधिक हळवे बनवते. झणझणीत तांबड्या रश्श्यासोबत वाइन जळजळते ती यामुळे. भाजलेले सुके खोबरे, कांदा, मिरी आणि लवंग यांच्या वाटणातील, बेताच्या तिखटाचे सुके मटण आणि भाकरी हा बेत अधिक योग्य. शिराझला येणारा मिरीसारखा गंध रोटंडोन या संयुगाचा असतो आणि तेच काळ्या मिरीतही आढळते. शाकाहारी घरात दाण्याच्या कुटाची, तेल सुटलेली भरली वांगी हीच जागा उत्तम घेतात.

लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी, हा संकेत युरोपातील थंड घरांचा. तेथे त्याचा अर्थ साधारण १६ ते १८ अंश सेल्सिअस असा होतो; आपल्याकडे उन्हाळ्यात खोलीच ३० अंशांच्या पुढे जाते. एवढ्या उबेत अल्कोहोलचा दर्प पुढे येतो आणि फळांचा गंध दबतो. जेवणाआधी अर्धा तास बाटली फ्रीजमध्ये ठेवली, की फरक लगेच कळतो. पेला एक तृतीयांशच भरावा, म्हणजे गंधाला जागा राहते. उरलेली वाइन बूच लावून फ्रीजमध्ये ठेवल्यास दोन-तीन दिवस चांगली राहते.

लाल वाइन हृदयाला हितकारक असते, असे एकेकाळी सर्रास सांगितले जाई. मात्र मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्यास सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले. त्यामुळे वाइनकडे औषध म्हणून पाहू नये. ज्यांना ती घ्यायचीच आहे, त्यांनी रिकाम्या पोटी न घेता जेवणासोबत, सावकाश आणि मोजकीच घ्यावी.