चिकावर पहिला हक्क कोणाचा?

मानवी अर्भक मातेच्या वारेतूनच प्रतिपिंडांची शिदोरी घेऊन जन्मास येते. वासराच्या नशिबी ते नाही. गायी-म्हशींच्या वारेची रचनाच अशी, की आईच्या रक्तातील प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोहोचत नाहीत. ती मिळतात पहिल्या चिकातून. ती शोषून घेण्याची आतड्यांची क्षमता मात्र तासागणिक घटते व साधारण २४ तासांत संपते. म्हणून वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका, म्हणजे ३० किलोच्या वासरास सुमारे ३ लिटर चीक पाजावा; निम्मा पहिल्या दोन तासांत, उरलेला बारा तासांच्या आत. ‘जार पडल्याशिवाय पाजू नये’ हा अनेक गोठ्यांतील समज येथेच घातक ठरतो, कारण जार पडण्यास कित्येकदा आठ-दहा तास लागतात.

पुढे हगवण लागलीच, तर आमच्या बालरुग्णांप्रमाणे येथेही बहुधा जीव जातो तो पाणी व क्षार गमावल्याने. दूध न तोडता, दोन पाजण्यांच्या मध्ये क्षारयुक्त पाणी द्यावे. डोळे खोल गेले, वासरू उठेनासे झाले, की पशुवैद्यास त्वरित बोलवावे.

आपणा बेळगावकरांस खरवस प्रिय, मलाही! घट्ट वड्यांसाठी आपण पहिल्याच दिवसाचा चीक मागतो. तो घेण्यापूर्वी गवळ्याला विचारावे, ‘वासराला किती पाजलात?’